जिममध्ये शेजारच्याचं चुकतंय असं दिसलं, तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

संध्याकाळी सातची गर्दी. बेंचवर आडव्या झालेल्या मुलाजवळ कुणीतरी येतं आणि म्हणतं, "भाऊ, कोपरं आत घे." वजनाचा बार तेव्हा त्याच्या छातीपासून चार बोटं वर असतो. मुलगा मान वळवून बघतो, त्याबरोबर डावा हात जरा खाली जातो आणि बार तिरका होतो. कोपरांबद्दलचं म्हणणं कदाचित बरोबरही असेल, पण त्या क्षणी त्या मुलाला सगळ्यात मोठा धोका सल्ला देणाऱ्याचाच होता.

मी गेली अकरा वर्षं पुण्यात जिमला जाते आणि रविवारी वेताळ टेकडीवर. न मागता मिळालेले सल्ले खूप ऐकले आणि न मागता दिलेही. त्यातले बहुतेक चांगल्या मनाने दिलेले असतात, तरी वाया जातात, कारण माणूस आधी बोलतो, मग बघतो, आणि विचारायचं राहूनच जातं. पुढे दिलेला क्रम याच्या उलट आहे. त्यातली एकही पायरी गाळू नका. अपवाद फक्त जिवावर बेतण्याचा, आणि तो तिसऱ्या टप्प्यात येतो.

एक फरक सुरुवातीलाच पक्का करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बार, प्लेट, पिन, लेस, पट्टा या वस्तूंबद्दल लगेच बोलायचं. गुडघा, कंबर, पाठ, खांदा हे समोरच्याचं शरीर आहे. त्याबद्दल विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

## टप्पा १ : किमान दोन सेट बघा

व्यायामाची एक आवृत्ती म्हणजे रेप, आणि न थांबता केलेल्या रेपचा गट म्हणजे सेट. एका रेपवरून काहीच कळत नाही. शेवटची रेप सगळ्यांचीच वेडीवाकडी होते. पहिला सेट वॉर्मअपचा असतो, तो मुद्दाम हलका आणि वेगळ्या पद्धतीने केला जातो. दोन सेट झाले की काय ठरवून केलंय आणि काय थकव्यामुळे बिघडतंय हे वेगळं दिसायला लागतं.

बघताना स्वतःचा व्यायाम चालू ठेवा. हातातलं सोडून समोर उभं राहून बघितलं की समोरच्याला ते लगेच जाणवतं. बाईकडे असं बघितलं तर पुढे तुम्ही कितीही शहाणपणाचं बोललात, ती ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

याच वेळात आणखी एक गोष्ट बघून घ्या: तिच्यासोबत किंवा त्याच्यासोबत ट्रेनर आहे का? फोनवर व्यायामाचा तक्ता उघडा आहे का? वहीत काही लिहून घेतलं जातंय का? यातलं एक जरी दिसलं तरी तो माणूस कुणाच्या तरी सांगण्यानुसार करतोय. तुमचं काम तिथेच संपलं.

## टप्पा २ : चुकीचं दिसतंय ते खरंच चुकीचं आहे का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जिममध्ये पन्नाशीच्या एक बाई सकाळच्या वेळेला यायला लागल्या. टाचांखाली अडीच किलोच्या दोन प्लेट ठेवून त्या स्क्वॉट करायच्या, आणि तेही अर्ध्यापर्यंतच. मी जाऊन सांगितलं, "काकू, टाचा जमिनीला टेकवा आणि पूर्ण खाली बसा, तरच फायदा." त्यांनी मान हलवली, पायानेच प्लेट बाजूला सारल्या आणि मी समोर उभी असेपर्यंत तसं केलं. त्यानंतर त्या संध्याकाळी यायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी भाजीच्या दुकानात भेटल्या तेव्हा कळलं की त्यांच्या घोट्याचं हाड मोडून त्यात धातूची पट्टी बसवली होती. घोटा पुढे वाकत नव्हता. टाचा उचलून अर्धी बैठक त्यांना फिजिओथेरपिस्टने नेमून दिली होती. माझ्या सांगण्याने त्या दिवशी त्यांचा घोटा रात्रभर ठणकला होता. "तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत, मला नाही म्हणवलं नाही," असं त्या म्हणाल्या. हा लेख मुख्यतः त्या वाक्यामुळे लिहिते आहे.

खालच्या गोष्टी नवख्या डोळ्याला चुका वाटतात. बहुतेक वेळा त्या चुका नसतात.

गुडघे पायाच्या बोटांपुढे जाणं. हा सल्ला जिममध्ये सगळ्यात जास्त वाटला जातो. मांडीचं हाड लांब असलेल्या माणसाचे गुडघे स्क्वॉटमध्ये पुढे जाणारच. २००३ सालच्या एका अभ्यासात फळी लावून गुडघे पुढे जाण्यापासून अडवले गेले. गुडघ्यावरचा ताण थोडा कमी झाला, पण माणूस पुढे झुकला आणि खुब्यावरचा ताण कितीतरी पटींनी वाढला. म्हणजे एकीकडचं ओझं दुसरीकडे गेलं.

पाय खूप फाकवून डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहायचा व्यायाम). ही सुमो पद्धत आहे, स्पर्धेतही चालते.

बार जमिनीला न टेकवता डेडलिफ्ट. हा रोमेनियन डेडलिफ्ट. तो असाच करतात. "पूर्ण खाली ने" म्हणून सांगितलंत तर त्याचा व्यायामच बदलतो.

बेंचवर पाठीची कमान. खांदे मागे खेचून, पाय जमिनीत रोवून केलेली कमान पॉवरलिफ्टिंग करणारे जाणूनबुजून ठेवतात. बसकण बेंचला टेकलेली असली म्हणजे झालं.

श्वास रोखून धरणं. जड वजनाच्या वेळी पोटात हवा भरून पाठीच्या कण्याला आधार दिला जातो. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हे टाळावं, पण समोरच्याला रक्तदाब आहे की नाही हे तुम्हाला लांबून दिसत नाही.

ट्रेडमिलचा दांडा धरून चालणारे काका. दांडा सोडून चाललं तर मेहनत जास्त होते, हे खरं. पण काकांचा तोल जात असेल, गुडघा बदललेला असेल, बायपास नुकतीच झाली असेल. त्यांनी धरलेला दांडा त्यांच्याकडेच राहू द्या.

मग खरी चूक कोणती? जड वजन उचलताना कंबरेतला बाक प्रत्येक रेपला वाढत जाणं. स्क्वॉटमधून उठताना गुडघे दर वेळी आत कोसळणं. वजन झटक्याने सोडणं. बार पायांपासून वीतभर पुढे ठेवून उचलणं. यातही वजन हलकं असेल तर घाई काहीच नाही.

तपासा : स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे दोन्ही सेटमध्ये दिसलं का? याला दुखापत, ऑपरेशन किंवा शरीराची ठेवण हे कारण असू शकतं का? मी गप्प बसले तर पुढच्या पाच मिनिटांत काही बिघडेल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर बोलायची गरज बहुधा नाहीच. फार वाटलं तर फ्लोअर ट्रेनरला हळूच सांगा आणि विषय सोडा. ते त्याचं काम आहे, त्यासाठी त्याला पगार आहे, आणि सभासदाने त्याचं ऐकायचं हे आधीच ठरलेलं असतं.

तालमीत हा प्रश्नच येत नाही. तिथे वस्ताद पाठीवर थाप मारून जोर सुधारतो आणि पठ्ठ्याला राग येत नाही, कारण मातीत उतरतानाच त्याने वस्तादाला मानलेलं असतं. आणि वस्ताद समोर असताना एक पोरगा दुसऱ्याला शिकवायला जात नाही. जिममध्ये शेजारच्या माणसाने तुम्हाला मानलेलं नाही. तो फक्त त्याच वेळेला आलाय.

## टप्पा ३ : वस्तूची चूक दिसली तर लगेच बोला

इथे थांबायचं नाही, ओळख लागत नाही, परवानगीही लागत नाही. ही यादी लक्षात ठेवा:

- बारच्या एका बाजूला १५ किलो आणि दुसऱ्या बाजूला १० किलो लागलंय.
- रॅकवरच्या, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीवरच्या, बारच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेट कुणी काढतोय. दुसरी बाजू जड राहिली की बार उलटतो आणि उडतो.
- रॅकचा एक हुक वरच्या भोकात आणि दुसरा खालच्या.
- केबल मशीनची पिन अर्धवट घुसलीय.
- लेग प्रेसचा स्टॉपर लावायचा राहिलाय.
- ट्रेडमिलचा पट्टा चालू आहे आणि कुणीतरी फोनकडे बघत त्यावर पाय ठेवतंय.
- लेस सुटलीय. ओढणी सायकलच्या किंवा क्रॉस ट्रेनरच्या फिरत्या भागाजवळ आलीय.
- बागेतल्या ओपन जिममध्ये हलत्या उपकरणाजवळ लहान मूल आलंय.
- एकटा माणूस जड बेंच मारतोय, बारला दोन्हीकडून प्लेट अडवणारे लॉक आहेत, खाली बार अडवणारी सेफ्टी पिन नाही. लॉक नसते तर अडकल्यावर बार तिरका करून प्लेट पाडता आल्या असत्या. आता तेही शक्य नाही.

बोलताना वस्तूचं नाव घ्या. "दादा, उजवीकडे पाच किलो कमी आहे." "ताई, लेस." "काका, पिन पूर्ण गेलेली नाही." यात कुणाचा अपमान होत नाही, कारण चूक पिनेची असते. माणूस मान खाली घालून पिन दाबतो आणि वर बघून हसतो. पाच सेकंदांचं काम.

इशारा : वजन हवेत असताना बोलायचंच असेल तर "थांबा!" एवढाच शब्द, मोठ्याने आणि समोरून. "एक्सक्यूज मी" म्हणत बसू नका, आणि कारण बार रॅकवर गेल्यावर सांगा.

### बार छातीवर अडकला तर

डोक्यामागे उभे राहा. दोन्ही हात बारच्या मधोमध, त्याच्या हातांच्या आत, जवळजवळ ठेवा. "धरलाय" असं मोठ्याने म्हणा म्हणजे तो बार सोडून देणार नाही. त्याच्यासोबत वर आणि मागे खेचा आणि बार दोन्ही हुकांत बसेपर्यंत सोडू नका. वजन तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर हाक मारून माणसं बोलवा. दोन्ही टोकांना एकेक जण, "एक, दोन, तीन" म्हणून एकदम उचलायचं. एकाच बाजूने उचललं तर बार गळ्याकडे घसरू शकतो.

इशारा : छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम फुटलेला घाम, चक्कर ही लक्षणं दिसली तर फॉर्मचा, म्हणजे व्यायामाच्या पद्धतीचा, विषय संपला. व्यायाम थांबवा, माणसाला बसवा, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायला सुरुवात करा.

## टप्पा ४ : वेळ आणि जागा

तिसऱ्या टप्प्यातलं काही नाही, पण दुसऱ्या टप्प्याच्या तिन्ही प्रश्नांतून गेल्यावरही बोलावंसं वाटतंय, तरच इथे या.

आठ रेपचा सेट साधारण अर्ध्या मिनिटात संपतो. त्यानंतर जड व्यायामात दोन-तीन मिनिटं विश्रांती असते. बोलायचं ते त्या विश्रांतीत. बार रॅकवर गेलेला असावा आणि त्याने दोन श्वास घेतलेले असावेत. पाण्याची बाटली तोंडाला लावून झाली की ती योग्य वेळ.

समोरून जा. मागून आवाज देऊ नका. आरशात नजर मिळाली तर उत्तम. हातभर अंतर ठेवा, बेंचवर बसलेल्या माणसाच्या अंगावर ओणवं होऊन बोलू नका. कानात इअरफोन असतील तर तो नकार समजा. खुणा करून काढायला लावू नका.

पुरुषांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. कोपऱ्यात एकट्या व्यायाम करणाऱ्या बाईकडे तंत्र शिकवायला जाऊ नका. गंभीर वाटलं तर ट्रेनरला पाठवा, बाई ट्रेनर असेल तर तिला. आणि मैत्रिणी आजूबाजूला असताना सगळ्यांच्या देखत सांगू नका. यावर "पण मी तर भल्यासाठीच" हे उत्तर मी पुष्कळ वेळा ऐकलंय. आठवड्यातून तीन-चार माणसं भल्यासाठीच येतात तेव्हा व्यायामाची जागा बाईला परकी होते.

टेकडीवर आणि बागेत हाच नियम. धावणाऱ्याच्या बरोबरीने धावत जाऊन "टाच आधी टेकवू नका" सांगणं बंद करा. उतारावर मुरूम सुटलाय, पुढे दगड हललाय, हे मात्र जरूर ओरडून सांगा. सूर्यनमस्काराचा गट असेल तर घेणारे काका किंवा काकू असतात, जे सांगायचं ते त्यांना.

## टप्पा ५ : विचारा, आणि "नको" ऐकायची तयारी ठेवा

"तुमच्या डेडलिफ्टबद्दल एक गोष्ट दिसली. सांगू का, की नको?"

शेवटचे दोन शब्द मुद्दाम आहेत. आपल्याकडे वयाने मोठ्या किंवा अंगाने तगड्या माणसाला तोंडावर "नको" म्हणणं जड जातं. त्या काकूंनाही गेलं होतं. प्रश्नातच "की नको" असलं की नकाराची वाट मोकळी राहते.

अनोळखी माणसाला "तुम्ही"च म्हणायचं, तो वीस वर्षांचा असला तरी. "अरे ऐक" ने सुरुवात केली की पुढचं वाक्य कितीही चांगलं असो, ते मोठ्या भावाचं बोलणं होतं.

"नको", "ठीक आहे", "ट्रेनरने सांगितलंय", नुसतं हसून मान हलवणं, "हो हो" म्हणत फोन उचलणं: हे सगळे नकार आहेत. यावर एकच उत्तर: "बरं, चालू द्या." आणि निघा.

इथे होणाऱ्या चुका :

- "कुणी शिकवलं तुम्हाला हे?" यात समोरच्याच्या ट्रेनरचाही अपमान होतो.
- "वजन कमी करायचंय का?" हा प्रश्न कधीच, कुणालाच नाही.
- "पाठ जाईल तुमची." भीती घातली की माणूस आखडतो आणि त्या व्यायामाचीच धास्ती घेतो. एका मुलीने असं ऐकून वर्षभर डेडलिफ्ट सोडलेला मी पाहिलाय.
- "मी दहा वर्षं करतोय." ऐकणाऱ्याला याचा काही उपयोग नाही.

## टप्पा ६ : एकच वाक्य, आणि तेही वस्तूच्या भाषेत

परवानगी मिळाली की मोह होतो पाय, कंबर, खांदे, मान, श्वास सगळंच सांगून टाकायचा. वजन उचलणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी एकच सूचना राहते. सगळ्यात मोठी गोष्ट निवडा, बाकीच्या सोडून द्या.

इथे सुरुवातीचा फरक पुन्हा कामाला येतो. गॅब्रिएले वुल्फ या संशोधिकेने १९९८ मध्ये स्कीच्या सराव यंत्रावर प्रयोग करून दाखवलं की पायाकडे लक्ष द्या असं सांगण्यापेक्षा पायाखालच्या चाकांवर लक्ष द्या असं सांगितलेले लोक ती हालचाल जास्त चांगली शिकले. पुढे पुष्कळ खेळांत असंच आढळलं. म्हणून:

"गुडघे सरळ करा" ऐवजी "जमिनीला खाली ढकला".
"पाठीचे स्नायू आवळा" ऐवजी "बार पायाला घासत वर आणा".
"कोपरं आत घ्या" ऐवजी "बार दोन्ही हातांनी वाकवायचाय असं धरा".
"गुडघे आत नेऊ नका" ऐवजी "दोन पायांमधली जमीन फाडायचीय असं उभे राहा".

अशा वाक्यात समोरच्याच्या अंगाचा उल्लेख जवळजवळ येतच नाही. ऐकायला सोपं जातं आणि अवघडल्यासारखं होत नाही. मला हा योगायोग फार आवडतो: जे बोलणं शिष्टपणाचं आहे, तेच शिकवायलाही जास्त उपयोगी आहे.

वाक्य संपलं की तोंड मिटा. त्याने विचारलं तर पुढचं सांगा.

## टप्पा ७ : हात लावायचा नाही

मी नवीन असताना एका माणसाने मागून येऊन माझ्या कंबरेवर हात ठेवून "ताई, अशी सरळ ठेवा" म्हटलं होतं. खांद्यावर बार होता, मला हलताही येत नव्हतं. तो माणूस कदाचित सभ्य असेल, पण मला ते कळायचा काही मार्ग नव्हता.

दाखवायचं असेल तर स्वतःच्या अंगावर दाखवा, रिकाम्या हाताने किंवा बाजूला पडलेली काठी घेऊन. समोरच्याचा बार उचलून "बघा असं" करू नका. त्याची विश्रांती संपते, वजन तुमच्या मापाचं होतं, आणि जमलेली माणसं बघायला लागतात. व्हिडिओ काढून दाखवतो म्हणायचं असेल तर त्याच्या फोनवर, त्याने सांगितलं तरच.

हात लावायची एकच रास्त जागा म्हणजे सपोर्ट, म्हणजे बार अडकला तर धरायला जवळ उभं राहणं. खरं सांगायचं तर अनोळखी माणसाला मदत करायची हौस असेल तर सल्ल्यापेक्षा हेच करा. "सपोर्ट हवाय का?" हा प्रश्न कुणालाच खटकत नाही. हो म्हटलं तर आधी तीन गोष्टी विचारून घ्या: किती रेप मारणार, रॅकवरून काढून देऊ का, आणि बार अडकला की लगेच धरू की तुम्ही म्हणाल तेव्हा. मग बारजवळ हात ठेवा, बारला लावू नका. प्रत्येक रेपला बोटं लावून "तूच मारतोयस, तूच मारतोयस" ओरडणाऱ्यामुळे मुलाला स्वतःची ताकद किती आहे हेच कधी कळत नाही.

असा चार-पाच वेळा सपोर्ट दिलेला माणूस एक दिवस बेंचवरून उठून स्वतःच विचारतो, "माझा बार डावीकडे जातोय का?" तेव्हा मनात जमलेलं सगळं सांगा. तेव्हाही आधी विचारा की खांदा कधी दुखावलाय का.

## टप्पा ८ : सांगून झाल्यावर

आपल्या जागेवर परत जा आणि पुढचा सेट त्याच्याकडे पाठ करून करा. त्याने सांगितलेलं केलं की नाही हे बघत बसू नका. दुसऱ्या दिवशी "जमतंय ना आता?" विचारू नका. तिसऱ्या दिवशी तीच चूक दिसली तरी पुन्हा सांगू नका, फक्त वस्तूची चूक असेल तर दर वेळी सांगा, त्याच आवाजात.

तुमचं सांगणं चुकीचं होतं असं नंतर कळलं, तर मात्र जाऊन बोला. मी त्या काकूंना दुकानातच म्हटलं, "मी न विचारता सांगायला नको होतं. तुमचं बरोबर होतं." त्यांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढून घोटा किती वाकतो ते दाखवलं आणि सोमवारपासून पुन्हा सकाळच्या वेळेला आल्या. अडीच किलोच्या दोन प्लेट आता मी त्यांच्यासाठी रॅकच्या खालच्या दांडीवर ठेवून देते, म्हणजे त्यांना वाकून शोधाव्या लागत नाहीत.